दोघांची पहिली परदेशवारी आणि व्हिएतनाम: कोणता भाग निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नानंतरची पहिली सहल असो की लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची, हल्ली मराठी घरांतून व्हिएतनामचं नाव बरंच ऐकू येतं. व्हिसा घरबसल्या मिळतो, मुंबईहून थेट विमानं आहेत, प्रवास पाच-साडेपाच तासांचा आहे आणि खिशाला युरोपाएवढी कात्री लागत नाही. देश ठरतो, रजा मंजूर होते, आणि नकाशा उघडला की खरी पंचाईत सुरू होते. हे पान त्या पंचाइतीसाठी आहे. हॉटेलांची यादी इथे मिळणार नाही. देशाचा कोणता भाग या वेळी घ्यायचा आणि कोणता पुढच्या खेपेला ठेवायचा, तेवढंच इथे बघू.

आठ दिवसांत अख्खा व्हिएतनाम होतो का?

धावत धावत होतो, बघून होत नाही. हा देश उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर लांब आणि मधे एके ठिकाणी जेमतेम ५० किलोमीटर रुंद आहे. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा, गाडीला तीस तासांहून जास्त लागतात. म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर विमानच. तिकीट दीड तासाचं दिसतं, पण सकाळी बॅगा भरणं, हॉटेल सोडणं, विमानतळ गाठणं, पुढच्या गावी दुपारी दोनपर्यंत खोलीची वाट बघणं, यात दिवस हातचा जातो.

‘हनोई, हालाँग, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह, कू ची’ असा सात रात्रींचा कार्यक्रम जाहिरातीत भरगच्च वाटतो. दोघांनी निवांत बसून कॉफी प्यावी अशी संध्याकाळ त्यात एखादीच उरते. आमचं सांगणं सरळ आहे: पाच-सहा दिवस असतील तर एकच भाग घ्या, आठ-नऊ दिवसांत दोन, आणि तिन्ही भाग हवेच असतील तर किमान बारा दिवसांची रजा काढा.

भाग म्हणजे नेमके कोणते?

उत्तरेत राजधानी हनोई, समुद्रातून उठलेल्या चुनखडीच्या डोंगरांचा हालाँग बे, तसेच डोंगर भातशेतीत उभे असलेलं निन्ह बिन्ह, आणि चीनच्या सीमेजवळचं डोंगराळ सापा.

मध्य भागात दा नांगचा किनारा, कंदिलांचं जुनं गाव होई आन, राजघराण्याचं हुए आणि मी सनची शिवमंदिरं.

दक्षिणेत हो ची मिन्ह सिटी (तिथले लोक अजून सर्रास सायगॉनच म्हणतात), मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश आणि फू क्वॉक बेट.

मग निवड कशावरून करायची?

महिन्यावरून. फोटो, यूट्यूब, मैत्रिणीचा अनुभव, हे सगळं त्यानंतर. व्हिएतनामच्या तिन्ही भागांत पाऊस वेगवेगळ्या वेळी पडतो, त्यामुळे ‘व्हिएतनामला जायला कोणता महिना चांगला’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. रजेची तारीख बहुतेकांची आधीच ठरलेली असते. तेव्हा प्रश्न उलटा विचारा: आपल्या तारखेला कोणता भाग चांगला?

हे असं का, ते सह्याद्रीच्या लेकरांना समजावून सांगावं लागत नाही. नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोकणात कोसळतो आणि घाटाच्या पलीकडे माणदेश कोरडा राहतो, तसंच तिथे त्रुओंग सोन डोंगररांगेमुळे होतं. फक्त दिशा उलटी. डोंगर पश्चिमेला आणि समुद्र पूर्वेला, त्यामुळे जून-जुलैत मध्य किनारा पर्जन्यछायेत राहतो, ऊन तापतं, समुद्र शांत असतो. सप्टेंबरनंतर ईशान्येकडून वारे सुरू झाले की समुद्रावरचं सगळं बाष्प त्याच किनाऱ्यावर येऊन आदळतं. चेन्नईला ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये भिजवणारे वारे हेच.

थोडक्यात आडाखा असा. मध्य भाग फेब्रुवारी ते ऑगस्ट चांगला. दक्षिण डिसेंबर ते एप्रिल कोरडी. मे ते नोव्हेंबर पावसाची, पण तो बराचसा दुपारी येऊन तासा-दोन तासांत जाणारा. उत्तरेला चार ऋतू आहेत: ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत सुंदर, डिसेंबर-जानेवारीत थंडी, फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसचे दिवस भुरभुर आणि मळभ, जून ते ऑगस्ट दमट उकाडा आणि पाऊस. मार्चअखेर ते एप्रिल हा काळ असा की तिन्ही भाग बऱ्यापैकी जमतात.

दिवाळीच्या सुट्टीत दा नांग-होई आन करावं का?

नको. सर्वांत जास्त जोडपी इथेच फसतात, म्हणून इतकं स्पष्ट सांगतो. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते, आणि मध्य व्हिएतनामचा सगळ्यात धो धो पाऊस नेमका याच दिवसांत असतो. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस हुए आणि होई आन या दोन्ही शहरांत मोठा पूर आला होता. होई आनला पूर काही नवा नाही. तिथल्या तान की नावाच्या जुन्या व्यापाऱ्याच्या वाड्यात भिंतीवर वर्षावर्षाच्या पुराच्या खुणा करून ठेवल्या आहेत. त्यातल्या काही उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर आहेत. त्या खुणा बघितल्या की वेगळं काही सांगावं लागत नाही.

या काळात हॉटेलं स्वस्त मिळतात, पॅकेजवर ‘दिवाळी ऑफर’ही असते. भुलू नका. दिवाळीत उत्तर धरा: हनोई, निन्ह बिन्ह, हालाँग. हवा कोरडी, आकाश निळं, दिवसा हलका घाम आणि संध्याकाळी पातळ स्वेटर. आठ दिवस असतील तर वर सापाही बसतं. भातकापणी तोवर झालेली असते, म्हणजे सोनेरी पायऱ्यांचे फोटो मिळणार नाहीत, पण डोंगर स्वच्छ दिसतात.

मे महिन्याच्या सुट्टीत?

मध्य भाग डोळे झाकून घ्या. होई आनमध्ये चार रात्री राहा आणि दा नांग, मी सन, हुए तिथून करा. दुपारी कडक ऊन असतं, आपल्या विदर्भासारखं कोरडं नव्हे तर मुंबईसारखं चिकट. म्हणून सकाळी हिंडायचं, दुपारी खोलीत किंवा पोहायला, संध्याकाळी पुन्हा गावात. तिथले लोकही असंच जगतात.

जोडीला उत्तर घ्यायची असेल तर महिनाअखेरीचे दिवस बघा. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जूनच्या सुरुवातीला निन्ह बिन्हजवळच्या टाम कॉकची भातशेती पिकून पिवळी होते आणि नदी तिच्यामधून वाहते. सापाला त्याच सुमारास शेतांच्या पायऱ्यांत पाणी सोडलेलं असतं आणि त्यात आभाळ दिसतं.

एक सावधगिरी: ३० एप्रिल आणि १ मे या त्यांच्या राष्ट्रीय सुट्ट्या. सगळा देश किनाऱ्यावर लोटतो. ३ मेनंतर निघा.

डिसेंबर-जानेवारीत लग्न आहे. लगेच जायचं तर?

दक्षिण आणि फू क्वॉक. उन्हात बसायचं, समुद्रात शिरायचं, लग्नाच्या दगदगीनंतर झोपा काढायच्या, याला फू क्वॉकसारखं दुसरं ठिकाण व्हिएतनाममध्ये या महिन्यांत नाही. बेटाचा पश्चिम किनारा या दिवसांत शांत असतो आणि सूर्य थेट समुद्रात बुडताना दिसतो. दक्षिण टोकाकडून होन थोम बेटावर जाणारा रोपवे जवळपास ८ किलोमीटर लांब आहे, २०१८ साली सुरू झाला. खाली मासेमारीच्या रंगीत होड्यांचे ठिपके दिसतात. तो जरूर करा.

हनोईला याच दिवसांत पंधरा अंशांच्या आसपास थंडी आणि ढगाळ हवा असते. ज्यांना थंडी आवडते त्यांना ती मानवते. पण हालाँगला धुकं असू शकतं, आणि हनिमूनच्या क्रूझवर डोंगरच दिसले नाहीत तर हिरमोड होतो.

फू क्वॉकला व्हिसा लागत नाही म्हणतात, खरं का?

परदेशातून थेट फू क्वॉकला उतरलात, तिथेच राहिलात आणि तिथूनच परत फिरलात, तर ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. मुख्य भूमीवर पाऊल टाकायचं असेल, एखादा दिवस सायगॉन बघायचं असेल, तर लागतो. पहिल्याच वारीत एवढ्यासाठी मार्ग अवघड करू नका, ई-व्हिसा काढून घ्या.

ई-व्हिसा आणि भाग ठरवणं यांचा काय संबंध?

अर्जात देशात कुठून शिरणार ते ठिकाण निवडावं लागतं. म्हणून आधी भाग, मग विमानाचं तिकीट, मग व्हिसा, हाच क्रम ठेवा. सरकारी फी एकदा प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५० डॉलर. मुदत ९० दिवसांपर्यंत. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. सरकारी दिसणारी, पण जास्त पैसे घेणारी बरीच खासगी पानं शोधात वर येतात.

आता मराठी माणसांची खास अडचण. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत बहुतेकदा स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ‘सरनेम’मध्ये आडनाव. अर्ज भरताना मधलं नाव गाळलं की व्हिसा पासपोर्टशी जुळत नाही आणि विमानतळावर काउंटरवरच अडवतात. पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर उतरवा. नव्या नवरीचं तिकीट हौसेनं सासरच्या नावानं काढलं जातं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असतो, हेही वारंवार घडतं. तिकीट, व्हिसा आणि हॉटेल, तिन्हीवर पासपोर्टवरचंच नाव. नाव बदलायचं असेल तर ते सहलीवरून आल्यावर सावकाश करा.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक हवी.

त्याला डोंगर हवेत, मला समुद्र. काय करावं?

व्हिएतनाममध्ये हे भांडण मिटतं, कारण दा नांगला दोन्ही अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत. एका बाजूला मी खेचा किनारा, दुसऱ्या बाजूला सोन त्राचा हिरवा डोंगर समुद्रात शिरलेला, आणि उत्तरेला हाय व्हान घाट. हुए ते दा नांग रेल्वेनं या. गाडी घाटाच्या कडेनं समुद्राला चिकटून वळणं घेत येते. दा नांगकडे येताना डाव्या बाजूची खिडकी मागून घ्या, समुद्र तिकडे असतो. अडीच-तीन तासांचा हा प्रवास विमानानं हुएला जाणाऱ्यांना कधी कळत नाही.

खरे उंच डोंगर हवे असतील तर सापा. तिथलं फान्सिपान शिखर ३,१४३ मीटरचं, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. वर जायला २०१६ पासून रोपवे आहे. पण हनोईहून सापाला रस्त्यानं पाच-सहा तास लागतात, त्यामुळे जाऊन-येऊन किमान दोन रात्री द्याव्या लागतील. एकाच्या हट्टासाठी दोन दिवस बसमध्ये गेले, तर दुसऱ्यानं ते मनापासून कबूल केलेलं असावं.

हालाँग बे की निन्ह बिन्ह? दोन्ही सारखंच दिसतं.

दगड तोच, अनुभव वेगळा. हालाँगमध्ये सुमारे १,६०० बेटं आणि खडक समुद्रातून उभे आहेत. ते बघायचं तर रात्र बोटीवर काढा. हनोईहून एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तर रस्त्यातच पाच तास मोडतात आणि बोटीवर गर्दीचं जेवण हातात पडतं. कॅट बा बेटाच्या बाजूचा ‘लान हा बे’ हा याच डोंगरांचा पुढचा भाग. तिथे बोटी कमी, शांतता जास्त. जोडप्यांनी तोच मागावा असं माझं मत.

निन्ह बिन्ह हनोईपासून दोन तासांवर. त्राँग आनला होडी गुहांमधून जाते. छत इतकं खाली येतं की सगळे एकदम वाकतात, आणि गुहेबाहेर पडलं की चहूबाजूंनी कडे आणि मधे एखादं एकटं देऊळ. टाम कॉकला होडी वल्हवणारी बाई मागे रेलून बसते आणि वल्ही पायांनी मारते, हात मोकळे ठेवून. तिथे एका होडीत परदेशी पाहुणे दोघेच बसवतात, त्यामुळे होडी तुमचीच. सकाळी आठच्या आत पोचा; दहानंतर हनोईच्या बसगाड्या येतात आणि नदीवर रांग लागते.

एकच निवडायचं तर? वादळाचे दिवस असतील (साधारण जुलै ते सप्टेंबर) तर निन्ह बिन्ह, कारण वारा वाढला की बंदर खातं बोटी सोडत नाही आणि क्रूझ आयत्या वेळी रद्द होते. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळानं हालाँगचं मोठं नुकसान केलं होतं. एरवी समुद्र रात्रभर बघायची हौस असेल तर हालाँग. क्रूझ ठरवताना ‘हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत’ हे लेखी घ्या.

आमचं वय पन्नाशीच्या पुढे आहे, गुडघे कुरकुरतात. कोणता भाग बरा?

मध्य भाग. होई आनचं जुनं गाव सपाट आहे, ठरावीक वेळी मोटारींना बंद असतं, पायी किंवा सायकल-रिक्षात फिरता येतं. हनोईचं जुनं गाव मात्र फूटपाथवर लावलेल्या स्कूटरींमुळे चालायला कष्टाचं आहे. निन्ह बिन्हची होडी चालेल, पण मुआ गुंफेच्या जवळपास ५०० पायऱ्या सोडून द्या. दक्षिणेत हो ची मिन्ह सिटीजवळ कू चीची युद्धकाळातली भुयारं आहेत, त्यांत वाकून रांगावं लागतं. वरून बघून पुढे जा. दा नांगजवळच्या बा ना हिल्स या डोंगरावरच्या करमणूक केंद्राला रोपवे आहे, तिथे चढ फारसा नाही.

बा ना हिल्सचा सोनेरी पूल घ्यावाच का?

दोन दगडी पंजांनी पेललेला तो पूल २०१८ साली बांधला. हात दगडी दिसतात, आहेत फायबर आणि जाळीचे. सुमारे १५० मीटरचा पूल, त्यावर हजारभर माणसं, आणि पुढे कृत्रिम फ्रेंच खेडं. प्रवेशाचं तिकीट महाग आहे आणि पूर्ण दिवस जातो. फोटोची आस असेल तर पहिल्या रोपवेनं वर जा. नसेल तर तोच दिवस मी सनला द्या.

मी सनमध्ये आपल्यासाठी काय आहे?

माझ्या मते व्हिएतनाममधली मराठी माणसानं चुकवू नये अशी ही जागा आहे. चौथ्या शतकात चाम लोकांच्या चंपा राज्याच्या भद्रवर्मन राजानं इथे भद्रेश्वर नावानं शिवलिंगाची स्थापना केली, आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत या दरीत मंदिरं उभी राहत गेली. शिलालेख संस्कृतात आहेत. भाजलेल्या विटांचं बांधकाम असं की दोन विटांमधली फट शोधावी लागते. १९६९ साली अमेरिकी बाँबफेकीत इथलं सर्वांत भव्य मंदिर कोसळलं; बाँबचे खड्डे गवताखाली अजून दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं इथल्या काही मंदिरसमूहांचं जतन केलं, आणि त्या कामात २०२० च्या मे महिन्यात वालुकाश्माचं अखंड शिवलिंग जमिनीतून निघालं.

होई आनहून तासाभराच्या अंतरावर आहे. पहाटे निघा, उन्हाआधी पोचा. तिथल्या मूर्ती बऱ्याचशा दा नांगच्या चाम शिल्पसंग्रहालयात आहेत, त्यामुळे दोन्ही मिळून बघा. नंदी, गणपती, नाचणारा शिव समोर आल्यावर घरापासून एवढ्या लांब आपलंच काहीतरी भेटल्यासारखं होतं, आणि मुद्दाम वाट वाकडी करून आलेली कितीतरी जोडपी नंतर याच जागेबद्दल बोलत राहतात.

होई आनला किती रात्री? कंदिलांचा दिवस कोणता?

तीन तरी. एका रात्रीत होई आन बघणाऱ्यांना फक्त गर्दी दिसते; दिवसाचे पाहुणे रात्री नऊ-दहाला परत गेले की गाव खरं उघडतं. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि कंदिलांचाच उजेड राहतो. कालनिर्णयात पौर्णिमा बघा, तिच्या आदल्या दिवसाच्या आसपास ही रात्र येते. नेमकी तारीख हॉटेलवाल्याला विचारून मगच बुकिंग करा.

इथले शिंपी प्रसिद्ध आहेत. कपडे शिवायचे तर पोचल्या दिवशीच माप द्या, म्हणजे दोनदा घालून बघायला वेळ मिळतो. पुरुषांचा सूट उत्तम होतो. ब्लाऊज शिवायचा असेल तर नीट बसणारा एक नमुन्याला घेऊन जा, तोंडी समजावण्यात वेळ जातो.

आम्ही शाकाहारी आहोत. कुठे सोपं पडेल?

हनोई, हो ची मिन्ह, दा नांग, होई आन, चारही ठिकाणी भारतीय हॉटेलं आहेत, उपाशी राहणार नाही. पण रोज तिथेच जेवलात तर वाईट वाटेल. व्हिएतनामी बौद्धांची स्वतःची शाकाहारी परंपरा आहे आणि हुएमध्ये ती विशेष बहरलेली आहे. फलकावर ‘चाय’ असा उच्चार होणारा शब्द दिसला की ते शाकाहारी हॉटेल. फोनमध्ये तो शब्द त्यांच्या लिपीत साठवून ठेवा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरीच घरं मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी साध्या टपरीवरही काही ना काही मिळतं. परंपरेनं हे जेवण कांदा-लसणाविना असतं, मात्र कंदमुळं असतात, हे जैन मंडळींनी ध्यानात घ्यावं.

मुख्य धोका मासळीच्या सॉसचा. नुसती भाजी दिसते, पण चव त्या सॉसची असते, आणि सूप हाडांचं असतं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासा नको, माशाचा सॉस नको, हे लिहिलेलं दाखवा. अंडं चालत असेल तर सगळं सोपं होतं, आणि हनोईची अंड्याची कॉफी तर घ्याच: खाली कडक कॉफी, वर फेटलेल्या बलकाची गोड साय.

सर्वांत अवघड सापाची खेडी आणि हालाँगची क्रूझ. दोन्हीकडे बुकिंग करतानाच कळवा, पोचल्यावर सांगून उपयोग नाही.

सायगॉनला एक दिवस पुरे ना?

बाजार आणि फोटोंपुरता पुरे. पण युद्धाच्या स्मृतींचं संग्रहालय बघणार असाल तर त्यानंतर त्याच दिवशी दुसरं काही ठेवू नका. तिथली छायाचित्रं बघून माणूस गप्प होतो. मधुचंद्रावर हे हवंच का, ते दोघांनी आधी बोलून ठरवा. मेकाँगसाठी ‘मी थो’ या गावची दिवसाची सहल घाईची होते. एक रात्र त्रिभुज प्रदेशातल्या कान थो शहरात राहून पहाटे काय रांगचा तरंगता बाजार गाठणं चांगलं. रस्त्यालगत चालताना फोन हातात धरून उभं राहू नका, मोटारसायकलवरून हिसकावून नेतात.

टूर कंपनीबरोबर जावं की आपलं आपण?

घरचा डबा, मराठी टूर मॅनेजर, व्हिसा-विमानाची काळजी दुसऱ्याला, हे ज्यांना हवं त्यांनी जरूर टूर घ्यावी. त्यात कमीपणा नाही. फक्त कार्यक्रमात ‘मुक्काम’ मोजा. एका गावी सलग दोन रात्री कितीदा आहेत? एकदाही नसतील तर ती टूर जोडप्यासाठी नाही. आणि तारीख बघा: ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या टूरमध्ये दा नांग असेल तर पावसात पर्यायी काय, ते विचारा.

आपलं आपण जाणंही अवघड नाही. ग्रॅब ॲपवर गाडी मिळते, भाडं आधीच दिसतं. मुंबईहून जाताना एका शहरात उतरा आणि परतीचं विमान दुसऱ्या शहरातून घ्या, म्हणजे आलेल्या वाटेनं मागे फिरण्यात दिवस जात नाही.

स्कूटर भाड्यानं घेऊन फिरलो तर?

आपलं आरटीओ देतं ते आंतरराष्ट्रीय लायसन्स रस्ते-वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असतं आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो. त्यामुळे दुकानदार गाडी देईल, पण अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो. होई आनला सायकल घ्या. उत्तर टोकाच्या ‘हा जांग’ प्रांताचा डोंगरी घाटरस्ता फार मोहात पाडतो. जायचं तर स्थानिक चालकाच्या मागे बसून जा.

पैशांचं काय?

एका रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग मिळतात, म्हणून सगळे आकडे लाखांत. नाणी वापरात नाहीत. वीस हजार आणि पाच लाख, दोन्ही नोटा निळसर आहेत. अंधारात टॅक्सीवाल्याला वीस हजारांऐवजी पाच लाख देऊन बसणारे बरेच. पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा.

तेत म्हणजे काय आणि तेव्हा जावं का?

त्यांचं नवं वर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात येतं. २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. सगळे गावी जातात, आधीच्या आठवड्यात रेल्वे-विमानं भरलेली असतात, आणि सणाचे तीन-चार दिवस जुन्या हनोईतली निम्मी दुकानं बंद. व्हिसा कार्यालयही सुट्टीवर असतं, म्हणून अर्ज तेतच्या दोन आठवडे आधी करून मोकळे व्हा. लग्न जानेवारीच्या शेवटी असेल तर सहल फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ढकला आणि मध्य भाग घ्या: पाऊस संपलेला असतो, ऊन अजून कोवळं असतं, आणि तेतसाठी लावलेले कंदील अजून उतरवलेले नसतात.